माडाचं वय मोजताना

झाडाचं वय किती, हे माझ्या अहवालातलं सगळ्यात महागडं वाक्य असतं. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरलं. शिवाय जे झाड तोडायचं, त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, असंही ठरलं. साठ वर्षांची चिंच पाडली तर साठ रोपं. म्हणजे मी वयाच्या रकान्यात जो आकडा लिहितो, तो बांधणाऱ्याच्या खर्चाचा आकडा होतो. म्हणून आमच्याकडे येणारा प्रत्येक फोन शेवटी त्याच रकान्यापाशी येऊन थांबतो : “सर, वय जरा बघून लिहा.”

मी वृक्ष सर्वेक्षण करतो. दापोलीला उद्यानविद्या शिकलो आणि गेली चौदा वर्षं मुंबईच्या उत्तर किनाऱ्यावर, मढ, एरंगळ, मनोरी, गोराई या पट्ट्यात, टेप आणि खडू घेऊन फिरतो आहे. काम साधं दिसतं. प्रत्येक झाडाला नंबर टाकायचा, छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा, उंची आणि डोलाऱ्याचा पसारा मोजायचा, जीपीएसवर जागा नोंदवायची. मग ‘तोडणे’, ‘पुनर्रोपण’ की ‘जागेवर ठेवणे’, यातलं एक लिहायचं. वयासाठी घेराला ३.१४ ने भागून व्यास काढतात आणि जातीप्रमाणे वाढीचा गुणांक लावतात. आंबा, चिंच, करंज यांना हे अंदाजे लागू पडतं. तक्ता संगणकात तयारच असतो. घेर टाकला की वय येतं.

माडाला हे अजिबात लागू पडत नाही, आणि या किनाऱ्यावर माडच जास्त आहेत.

आंब्याच्या सालीखाली पेशींचा एक जिवंत थर असतो. तो दरवर्षी लाकूड वाढवतो, म्हणून खोड जाड होत जातं. माडाला तो थर नसतो. माड आधी जमिनीलगत आपली जाडी भरून घेतो आणि मग तेवढ्याच जाडीनं वर चढत राहतो. वीस वर्षांचा माड आणि सत्तर वर्षांचा माड, दोघांचा घेर एकच निघू शकतो. घेरावरून माडाचं वय काढणं म्हणजे कमरेचा पट्टा मोजून माणसाचं वय सांगणं. तरीही वर्षानुवर्षं असे अहवाल जातात, मंजूरही होतात. मी असे अहवाल पाहिले आहेत ज्यांत एकाच वाडीतले सगळे माड अठरा ते बावीस वर्षांचे. साइटवर पाय न ठेवता, एका वाडीचा तक्ता दुसऱ्या वाडीला चिकटवणारे लोक आमच्या धंद्यात आहेत आणि त्यांना कामाची कमतरता नाही.

माडाचं खरं वय खोडावरच लिहिलेलं असतं. झावळी गळली की खोडाला कड्यासारखा वण राहतो. उंच वाढणारा बाणवली माड चांगल्या खतपाण्यावर वर्षाला बारा ते चौदा झावळ्या काढतो. दुर्लक्षित वाडीत बारा धराव्यात. वण मोजायचे, बारानं भागायचे. शेंड्यावर तीसेक हिरव्या झावळ्या असतात, त्यांची अडीच वर्षं मिळवायची. खोड जमिनीवर दिसू लागण्याआधीची पाचेक वर्षं मिळवायची. झालं वय.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मनोरीतल्या एका वाडीचं काम आलं. मार्वेच्या धक्क्यावरून बोटीनं पलीकडे जायचं, तिथून रिक्षा. तीनेक एकरांची वाडी, समुद्राच्या बाजूनं सुरूची रांग, मध्ये माड, घराजवळ दोन रायवळ आंबे, एक फणस, विहिरीवर उंडीचं झाड. वाडीचे तीन वाटे झाले होते. दोन भावांच्या मुलांनी विकले, तिसरा मावशींचा. वय ऐंशीच्या घरात, कुंपणाच्या अलीकडे दोन खोल्यांत राहणाऱ्या. विकलेल्या भागात सुट्टीचे बंगले आणि मधोमध पोहण्याचा तलाव होणार होता. माझ्याकडे नोंदवायला आले एक्केचाळीस माड.

आर्किटेक्टच्या माणसानं जाताना सांगितलं, “दोन दिवसांत होईल ना?” मला सहा दिवस लागले. मी चढणारा एक गडी बरोबर घेतला. तो दर पन्नासाव्या वणावर खडूची रेघ ओढत वर जायचा, मी खालून दुर्बिणीनं पडताळायचो. जुन्या माडांच्या बुंध्याशी वण झिजलेले असतात, तिथे बोटांनी चाचपून मोजावं लागतं. काही माडांवर ताडी-माडीच्या दिवसांत चढण्यासाठी पाडलेल्या खाचा होत्या. माडाची जखम कधी भरत नाही, साल तिच्यावर चढत नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची खाच आजही काल पाडल्यासारखी दिसते.

सतरा नंबरच्या माडाखाली मावशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “किती रे वर्सांचा निघला?” मी म्हटलं, अजून मोजतोय. “यो माझे भावाचे जन्माला लावलेला. तो बावन सालचा.” मी त्यांना काही बोललो नाही, कारण ऐकलेल्या आकड्याकडे मोजणी झुकते. संध्याकाळी बेरीज केली. वण ७६८. बारानं भागले तर चौसष्ट, वर साडेसात. साडेएकाहत्तर वर्षं. २०२४ मधून वजा केले तर १९५२. मी वहीतला आकडा त्यांना दाखवायला गेलो. त्यांना आकड्याचं विशेष वाटलं नाही, त्यांना ते माहीतच होतं. मला मात्र त्या रात्री परतीच्या बोटीत फार बरं वाटलं.

त्याच माडाचा घेर ब्याऐंशी सेंटिमीटर होता. तक्त्यात टाकल्यावर वय आलं एकवीस.

एक्केचाळीस माडांची वयं वणांवरून काढली तेव्हा बेरीज २३३७ झाली. घेराच्या तक्त्यावरून ती ८६१ होत होती. एक्केचाळिसांपैकी सव्वीस माड पन्नासच्या वरचे होते, म्हणजे कायद्यानं प्राचीन वृक्ष. तक्त्याप्रमाणे त्यांतला एकही नव्हता.

इथपर्यंतच थांबलो असतो तर कदाचित मी हे लिहितही बसलो नसतो. पण मोजताना एक गोष्ट दिसत होती. जवळजवळ प्रत्येक माडाचा वरचा भाग खालच्यापेक्षा बारीक होता, टोक काढलेल्या पेन्सिलीसारखा. माडाला वाईट दिवस आले की त्या काळात तयार झालेलं खोड बारीक राहतं आणि ते पुढे कधी भरून येत नाही. सतरा नंबरवर हा बारीकपणा शेवटच्या वणापासून खाली १०८ वणांवर सुरू होत होता. १०८ वण म्हणजे नऊ वर्षं, त्यात शेंड्यावरच्या झावळ्यांची अडीच. साडेअकरा वर्षांपूर्वी, २०१२ च्या आसपास, या वाडीत काहीतरी घडलं होतं.

मावशींना विचारलं. त्यांनी क्षणभरही आठवावं लागल्यासारखं केलं नाही. “टँकर लागले तवापासून.” शेजारच्या जमिनीत बोअर मारून पाणी विकायला सुरुवात झाली, आधी एका हॉटेलला, मग बांधकामांना. दोन उन्हाळ्यांत त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं.

किनाऱ्यावरच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याची एक फूट उंची असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. उलटंही तसंच. वरची पातळी उपशानं एक फूट उतरली की खालून खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर येऊ शकतं. माड थोडा खारटपणा सोसतो. आंबा सोसत नाही. घराजवळच्या दोन्ही आंब्यांच्या पानांच्या कडा जळाल्या होत्या. शिवाय कुंपणाकडच्या नऊ माडांच्या बुंध्याशी कोणीतरी तीन-साडेतीन फूट डबर टाकून भरणी केली होती. बुंधा असा गाडला की मुळांना हवा मिळत नाही. झाड दोन-तीन वर्षांत स्वतःहून वाळतं आणि वाळलेल्या झाडाची परवानगी लवकर मिळते. ही युक्ती या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

याच गावाच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प योजलेला आहे, दिवसाला २०० दशलक्ष लिटर, शहरासाठी. शहराला पाणी हवंच आहे, मी त्याबद्दल तक्रार करत नाही. पण ज्या विहिरींनी हे गाव इतकी वर्षं जगवलं, त्यांची साधी पातळीसुद्धा कोणी नोंदवत नाही, याचा मला राग येतो. २०१९ च्या सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांचा ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. त्यानंतर मला या बाजूनं येणारे फोन वाढले. पाण्याचा प्रश्न त्यांतल्या एकानंही कधी विचारलेला नाही.

मी अहवाल सत्तावीस पानांचा केला. आजवर केलेल्या कामांत तो मला सगळ्यात चांगला वाटतो. प्रत्येक माडाचे वण, वय, फोटो. गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यांची वेगळी तपासणी. सोंड्याची अळी आतून खोड पोखरते. खोडाला कान लावला की कुरतडल्याचा आवाज येतो. एक्केचाळीस खोडांना कान लावले, आवाज तिघांतच आला. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला होता. उपनगरांत काँक्रीटनं गळा आवळलेले गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष आडवे झाले होते. या वाडीतला एकही माड पडला नव्हता, तेही लिहिलं. पोहण्याचा तलाव चौदा मीटर उत्तरेला सरकवला तर एकोणीस माड जागेवर राहतात, याचा नकाशा काढून दिला.

आणि नवव्या पानावर हे वाक्य लिहिलं : ‘सुमारे अकरा वर्षांपासून बहुतेक माडांचे शेंडे निमुळते झाले असून झाडे ताणाखाली आहेत.’ पुढच्याच परिच्छेदात कारण होतं, उपसा आणि भरणी. उपाय होता, डबर काढा, बोअर थांबवा.

अहवाल दिल्यावर आठ दिवस शांतता. मग निरोप आला की काम दुसऱ्याकडे दिलं आहे, तुमचं बिल पाठवा. बिल पूर्ण मिळालं. मला वाटलं, अहवाल फाईलमध्ये पुरला गेला. तसंही बऱ्याचदा होतं.

मे महिन्याच्या शेवटी मावशींच्या नातवाचा फोन आला. “सर, झाडं पाडतायत. पावसाच्या आधी धोकादायक झाडं म्हणून.” त्यानं फाटकावर लावलेल्या कागदाचा फोटो पाठवला. माझ्यानंतर आलेल्या सल्लागाराचा दोन पानी अहवाल जोडलेला होता. त्यात लिहिलं होतं : ‘यापूर्वीच्या सविस्तर सर्वेक्षणातही शेंडे निमुळते असून झाडे ताणाखाली असल्याचे नमूद आहे.’ खाली माझ्या अहवालाचा दिनांक आणि पान क्रमांक नऊ. कारण नव्हतं, उपाय नव्हता, सोंड्याची तपासणी नव्हती. तौक्तेचा उल्लेख नव्हता. वयं घेराच्या तक्त्यातली होती. एकतीस माड.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीनं गेलो. तोवर तेवीस पडले होते. परवानगीचा कागद खरा होता, त्यावर सही आणि शिक्का होता. मी मुकादमाला माझा अहवाल मोबाईलवर दाखवला. त्यानं वाचलाही, पण म्हणाला, “साहेब, मला नंबर दिलेत, मी नंबर पाडतो.” त्याच्यावर मी काय रागावणार. मी संबंधित कार्यालयात फोन केले, ईमेल केला, अर्धवट उतारा वापरल्याची लेखी हरकत घेतली. हरकतीची पोच मिळाली आहे.

या व्यवसायातल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना मी हे सांगितलं. त्यांचं म्हणणं, झाडाचं दुखणं अहवालात लिहायचंच नाही; झाड वाचवायचं असेल तर ‘सुस्थितीत’ लिहून मोकळं व्हायचं. ते झाडांवर प्रेम करणारे आहेत, म्हणून त्यांचं बोलणं झटकून टाकता येत नाही. पण माड सुस्थितीत नव्हते. अकरा वर्षं त्यांचं पाणी चोरीला गेलं होतं आणि त्याचा पुरावा त्यांच्याच खोडावर होता. तो मी वाचला नसता तर दुसरं कोणी वाचणार नव्हतं. मी वाचला आणि ते वाक्य त्यांच्यावरच उलटलं. कारण आणि अवस्था एकाच वाक्यात गुंफली असती, तोडताच येऊ नये अशी, तर निभावलं असतं का? रोज रात्री मी ते वाक्य नव्यानं लिहून पाहतो. प्रत्येक वेळी कात्री कुठे लागेल तेही दिसतं.

त्या दिवशी दुपारी कामगार जेवायला बसले तेव्हा मी सतरा नंबरपाशी गेलो. तो आडवा होता, शेंडा कुंपणापर्यंत पोचलेला. उभा असताना ज्या भागाला मी फक्त दुर्बिणीतून पाहिलं होतं, तिथे आता हात पोचत होता. मावशी ओट्यावर बसून बघत होत्या. बुंध्यापासून वाकून एकेक वण बोटानं मोजत गेलो, पन्नासावर खडूची रेघ. १०८ वण उरले तिथे खोड खरोखरच हाताला बारीक लागत होतं.

मावशींनी विचारलं, “तितकंच निघलं ना?”

७७१ निघाले. फेब्रुवारीनंतर आणखी तीन झावळ्या त्यानं नेहमीच्या वेळेवर उतरवल्या होत्या.