कागद चिकटेना

2024 च्या मे महिन्यातली गोष्ट आहे, उन्हापायी अकोल्यात कलम 144 लावलं होतं तो आठवडा. पारा 45 च्या वर, गॅरेजवरचा पत्रा असा तापायचा की दुपारी लोखंडी पाना हातात धरवत नव्हता, पोट्टे पान्यांवर ओलं फडकं टाकून ठेवायचे. माझं काम गाड्यांच्या एसीचं आणि रेडिएटरचं, त्यामुळं होळी झाली की मृग लागेपर्यंत आम्हाला जेवायला टाइम नसतो, दारात रोज आठ-दहा गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, गॅस भरून द्या.

त्या दिवशी सकाळी साडेआठला एक हॅचबॅक आली. चालवणारे काका पन्नाशीचे, उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. उतरल्या उतरल्या म्हणाले, "भाऊ, गाडी लय हीट होऊन राहिली अन् एसी त निरा गरम हवा फेकते. उद्या पहाटे मायले घेऊन नागपूरले निघाचं हाय, किमो हाय तिची. आज काहीबी करा पण गाडी द्या."

नागपूर इथून अडीचशे किलोमीटर. मागच्या खेपेला मूर्तिजापूर सोडल्यावर काटा वर चढला, बोनेटमधून वाफ निघाली, रस्त्याच्या कडेला सावलीला एक झाड नाही आणि म्हातारी आई मागच्या सीटवर. त्या घाईत काकांनी रेडिएटरची कॅप फिरवली आणि आतलं उकळतं पाणी सगळं हातावर आलं. पट्टी त्याचीच होती. हे दरवर्षी दोन-तीन जणांचं होतं आणि ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. साधं पाणी 100 डिग्रीला उकळतं, पण निम्मं कूलंट टाकलेलं असेल आणि कॅप प्रेशर धरत असेल तर तेच सव्वाशेच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे कॅपच्या खाली शंभरच्या वरचं पाणी दाबून धरलेलं असतं, कॅप फिरवली की दाब सुटतो आणि ते त्याच क्षणी वाफ होऊन अंगावर येतं. गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास थांबायचं, रेडिएटरचा वरचा रबरी पाइप हातानं दाबता आला पाहिजे, मगच कॅपला हात लावायचा, तेही जाड फडकं टाकून हळूहळू. काकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी विचारलं आधी कुठं कुठं दाखवली. मार्चमध्ये एका ठिकाणी गॅस भरला, एप्रिलमध्ये दुसऱ्या ठिकाणी परत भरला, आणि पंधरा दिवसांपूर्वी तिसऱ्या गॅरेजात गॅस तर भरलाच, वर थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारा, तो काढून टाकला, म्हणे उन्हाळ्यात व्हॉल्व्हचं काय काम. तीन वेळा पैसे गेले आणि तिन्ही वेळा कुणी बंपर खोलला नाही. मला याचाच राग येतो, नाव कुणाचं घेत नाही पण राग येतो. एसीचा गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद पाइपात गोल गोल फिरत असतो. वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो ते ठीक, पण महिन्या-महिन्याला कमी होत असेल तर कुठंतरी लीक आहे, ते शोधा, आणि लीक नसेल तर मग गॅस कमी नव्हताच. दोन्हीतलं काही न बघता बाटली लावली की अर्ध्या तासात काम होतं, पैसे मिळतात, गिऱ्हाइकाला दोन दिवस थंड लागतं. बंपर खोलायचा तर अख्खा दिवस जातो.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, गाडी गावात हीट होते का हायवेला? हे विचारल्याशिवाय मी बोनेट उघडत नाही. फॅनचा प्रॉब्लेम असेल तर गाडी सिग्नलला, गर्दीत तापते आणि पळायला लागली की समोरून वारा लागून काटा खाली येतो. हायवेला ऐंशीच्या स्पीडला तापत असेल तर एकतर हवा आतून जात नाहीये नाहीतर पाणी फिरत नाहीये. काका म्हणाले, "दोन्हीकडे होते, पण हायवेले जास्त. एसी बंद केला का चालते कशीबशी."

बघितलं तर फॅनची स्लो स्पीड मेलेली होती, रेझिस्टर जळालेला. नवीन रेझिस्टर टाकला, एसी लावल्याबरोबर फॅन फिरायला लागला, पोट्टा खुश, म्हणाला दादा झालं काम. साडेदहा वाजले होते, बाहेर सहा गाड्या थांबलेल्या, आणि खरं सांगतो माझ्याही मनात आलं की द्यावी गाडी. पण हायवेचं कोडं फॅननं सुटत नव्हतं.

एसीच्या पाइपातलं प्रेशर दाखवणारे गेज लावले. गाडी बंद असताना काटे दोन्हीकडे 130 पीएसआयच्या जरा वर. यावरून बरेच जण गॅस बरोबर आहे म्हणतात, पण गाडी बंद असताना सिस्टीममध्ये थोडं जरी लिक्विड असेल तरी ते प्रेशर बाहेरच्या उन्हावर ठरतं, 40 डिग्रीला 134ए, म्हणजे एसीतला गॅस, तेवढंच दाखवणार, आत तीनशे ग्रॅम असो का सहाशे. गाडी चालू केली. हाय साइड, म्हणजे कंप्रेसर गॅस दाबून पुढं ढकलतो ती बाजू, 250, 300, 350, चढतच चालली आणि चारशेच्या वर गेली तसा कंप्रेसर टक् करून बंद. दोन मिनिटांनी परत चालू, परत टक्. लो साइड, म्हणजे गॅस कंप्रेसरकडं परत येतो ती बाजू, तीसुद्धा सत्तरच्या घरात. म्हणजे गॅस जास्त झालाय, किंवा कंडेन्सरमधून, म्हणजे ग्रिलच्या मागं बसवलेल्या एसीच्या रेडिएटरमधून, उष्णता बाहेर पडत नाहीये, किंवा दोन्ही.

कंडेन्सर समोरून बघितला तर स्वच्छ, मागच्याच महिन्यात कुणीतरी पाणी मारून धुतलेला, पंख सरळ, चकचकीत. तेव्हा मी पार्टवाल्याचं जुनं बिल घेतलं आणि ग्रिलच्या आतून कंडेन्सरवर धरलं. फॅन फुल स्पीडला गरगर फिरत होता, आवाज येत होता. हवा आत ओढली जात असती तर कागद फट्कन चिकटून राहिला असता. मी हात सोडला आणि कागद खाली पडला. परत धरला, दुसऱ्या कोपऱ्यात धरला, परत पडला.

मी काकांना विचारलं, गाडी उभी कुठं असते? "जिनिंगात," म्हणाले, "अकोटले एका जिनिंगात मुकादम हाय मी, दिवाळीपासून होळीलोक गाडी तिथंच उभी रायते, रात्रंदिवस."

जिनिंगचं आवार ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. सरकी आणि रुई वेगळी होत असते तेव्हा बारीक धागे धुक्यासारखे हवेत तरंगत असतात, झाडांवर, तारांवर, कामगारांच्या भुवयांवर सगळीकडे पांढरं. समोर कंडेन्सर, त्याच्या मागं बोटभर अंतरावर रेडिएटर, आणि त्याच्या मागं फॅन. फॅन दोन्हीतून हवा ओढतो. कंडेन्सरच्या पंखांतून जे बारीक धागे आत सुटतात आणि वरच्या फटीतून जे शिरतात, ते मधल्या जागेत अडकतात, रेडिएटरच्या तोंडावर. समोरून पाणी मारलं की कंडेन्सर धुतला जातो आणि त्याच्यावरचा कचरासुद्धा त्याच मधल्या जागेत जाऊन बसतो. आपल्याकडं कूलरच्या ताट्या धुळीनं भरल्या की मोटर कितीही पळवा, घरात वारा येत नाही, तसंच हे.

आधी मशीन लावून गॅस काढून वजन केला. बोनेटखालच्या स्टिकरवर 400 ग्रॅम लिहिलेलं, निघाला 640. प्रत्येकानं थोडा थोडा घालून ठेवलेला. मग बंपर उतरवला, कंडेन्सरचे ब्रॅकेट सोडले आणि तो पुढं कलता केला.

आत रेडिएटर दिसतच नव्हता. त्याच्यावर एक राखाडी गादी बसलेली, करंगळीएवढी जाड, रुई आणि धूळ आणि तेलाचा ओशटपणा सगळं दाबून दाबून नमद्यासारखं झालेलं. मी वरच्या कोपऱ्यात नख घातलं आणि हळूहळू ओढलं तर ती एका अखंड तुकड्यात सुटून आली, टॉवेलएवढी, आणि तिच्या आतल्या बाजूला रेडिएटरच्या पंखांचे बारीक बारीक ठसे उमटलेले, एकेक रेघ मोजता येईल असे. इतक्या वर्षांत मी कचरा पुष्कळ काढलाय, पण असं पांघरूण काढलेलं मला आठवत नाही. पोट्टे काम सोडून बघायला आले. काका खाली बसले आणि नुसते बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे गॅस कमी नोताच?"

नव्हता. गाडीच्या आतली उष्णता कंडेन्सरवर आणून टाकायची हेच एसीचं काम, आणि ती तिथून वाऱ्यानं गेली पाहिजे. वारा कोंडला की कंडेन्सर तापतो, प्रेशर चढतं, कंप्रेसर बंद पडतो, आतमध्ये गरम हवा लागते. तीच उष्णता मागं रेडिएटरला जाते, त्याला आधीच इंजिनची पुरेना, म्हणून गाडी हीट. वरून आणखी गॅस घातला की प्रेशर आणखी वर. म्हणून मी एसी आणि रेडिएटर वेगळे धरतच नाही, एकाचं दुखणं दुसऱ्यात निघतं.

रेडिएटर इंजिनच्या बाजूनं पुढच्या बाजूला असा उलटा धुतला, साध्या पाइपच्या पाण्यानं, प्रेशरचं पाणी जवळून मारलं की पंख वाकून बसतात. आतलं पाणी काढलं तर चहासारखं लाल. कूलंटचा पत्ता नाही, घरच्या बोअरचं पाणी. काकांचं गाव दर्यापूर रोडला, म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते पाणी माणसाला पिववत नाही तिथं रेडिएटरला काय चालणार, क्षार नळ्यांत बसतात आणि इंजिनमधलं लोखंड गंजवतात. तीन वेळा फ्लश केलं तेव्हा पाणी स्वच्छ यायला लागलं. वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, बघितली, ती चांगली निघाली हे नशीब. नवीन व्हॉल्व्ह टाकला, कारण व्हॉल्व्ह काढला की पाणी आपल्या टाइमानं फिरायचं सोडून कसंही फिरतं आणि इंजिन सकाळी गरम व्हायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त खातं, आणि अडलेल्या रेडिएटरचा त्यानं काही फायदा होत नाही. कॅपचं रबर कडक झालेलं, तीही बदलली, आणि निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

एवढं होईस्तो अडीच वाजले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काकांना घरी जा म्हटलं तर जाईनात, पंख्यासमोर बसून राहिले, माझ्या डब्यातली भाकर अर्धी त्यांनी खाल्ली. सिस्टीमला चाळीस मिनिटं व्हॅक्यूम लावला, मग पंप बंद करून वीस मिनिटं काटा हलतो का बघितलं, नाही हलला. काट्यावर तोलून 400 ग्रॅम गॅस सोडला, एक ग्रॅम जास्त नाही. केबिन फिल्टर काढला तर त्यातही रुई, तो नवीन घातला.

मग तोच कागद, तेच बिल, ग्रिलच्या आत धरलं. हातातून ओढून घेतल्यासारखं फट्कन चिकटलं आणि फडफडत राहिलं. पोट्ट्यानं टाळी वाजवली. हाय साइड 270 च्या आसपास येऊन थांबली, लो साइड 40, बाहेर 44 डिग्री असताना हे चांगलंच म्हणायचं. आत डॅशबोर्डवरच्या एसीच्या जाळीत थर्मामीटर खोसला होता, सकाळी 24 दाखवत होता, आता 12.

पाच वाजता बोरगाव मंजूपर्यंत ट्रायल मारली, मुद्दाम त्या टाइमाला, रस्ता तापलेला असताना, चौघं बसून, एसी फुल. स्कॅनर लावून ठेवला होता, पाण्याचं तापमान 92 ते 95, त्याच्या वर गेलं नाही. काका काट्यावरची नजर काढायलाच तयार नव्हते. येताना मी ड्रायव्हिंग त्यांना दिलं, पट्टीच्या हातानं का होईना, त्यांच्या मनातली भीती त्यांनीच गाडी चालवल्याशिवाय जाणार नव्हती.

संध्याकाळी ते आईला घेऊन आले, रात्री अकोल्यात बहिणीकडं थांबून पहाटे इथूनच निघणार होते. आजी बारीक, डोक्याला स्कार्फ, केस गेलेले, पण नजर एकदम तरतरीत. मी खुर्ची दिली. ती रुईची गादी अजून बाकड्यावर पडलेली होती, आजींनी हात लांबवून तिचा कोपरा तोडला, दोन बोटांत धरून थोडी थोडी ओढत राहिल्या, धागा तुटेपर्यंत, जसं कापूस वेचणाऱ्या बाया बघतात तसं. आयुष्यभर वेचणी केलेले हात ते.

"हे पहिल्या वेच्याचं नाही," म्हणाल्या, "फरदडीचं हाय. पाय ना, धागा आखूड हाय, कचरा किती. होळीच्या टाइमाचं."

काका म्हणाले हो, होळीच्या आधी फरदडच, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवरून निघणारा उशिराचा कापूस, येत होती सगळी. मी ते लक्षात ठेवलं, कारण गाडीचं दुखणं पण मार्चपासूनच सुरू झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन आला, नागपूरला पोचले होते, काटा अर्ध्याच्या खाली, रस्त्यात फक्त चहाला थांबले. मागून आजींचा आवाज येत होता, त्याले सांग का जिन बंद झाला का दरसाल गाडी घेऊन येऊ. मी म्हणलं दरसाल या, पण होळीची वाट पाहू नका, मधात संक्रांतीलाही एकदा आणा, बंपर खोलून बघू.