बोडीतले तलवार बदक

मी भंडारा जिल्ह्यात वनरक्षक आहे. १९८७ पासून आशियात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. तिच्यासाठी आमच्या बीटमधला मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेला, तलाव मी चार वर्षांपासून मोजते.

यंदा धुकं विरल्यावर दुर्बीण लावली आणि धस्स झालं. गेल्या वर्षी तलवार बदकांनी काठ भरलेला होता, यंदा एकही नाही. मधल्या खोल पाण्यात लालसरी बदकं आणि वारकरी नावाचे पाणपक्षी तेवढे दिसत होते. दहा-दहाचे गट धरून मोजत ऐंशीपर्यंत आले, तोच एक दलदली भोवत्या, शिकारी पक्षी, खाली झेपावला. सगळा थवा उडाला, दोन ठिकाणी विखरून बसला. एकच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

सोबतचे सहकारी म्हणाले, "गेल्या वर्षीच्या आसपासच टाका मॅडम, नाहीतर विचारणा होते." मला ते पटलं नाही. शिकारीची भीती मात्र मनात आली. काठावर जाळी, पिसं शोधत अर्धी पाळ चालून आले. काही सापडलं नाही.

डोंग्यातून जाळं काढणारे एक म्हातारे ढिवर मामाजी माझी शोधाशोध बघत होते. "पानी खोल हाय मॅडम. शेपटी वर करून खानारे इथं काहून रायतीन? थे बोडीत गेले असतीन." बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं.

मी चार वर्षं नावं लिहीत होते, पण याद्या अशा कधी वाचल्या नव्हत्या. लालसरी बुडी मारून तळाचं खाते. तलवार बदक बुडी क्वचितच मारतो. डोकं खाली घालतो, आणि मान पुरेल तेवढंच त्याचं ताट. परतीच्या पावसाने तलाव काठोकाठ होता, पाणी अजून सोडलं नव्हतं. गेल्या वर्षी जिथे देवधानाची, म्हणजे रानभाताची, ताटं उघडी होती, तिथे आता पुरुषभर पाणी.

मामाजींच्या मागे बांधाबांधाने गेलो. धानाच्या बांध्यांमध्ये एक लहानशी बोडी, गुडघाभर पाण्याची. तिच्यात तलवार बदक! आम्ही बांधाआड बसलो. सर्वांत जवळचा नर वीस पावलांवर होता. तपकिरी डोकं, मानेवर चढलेली पांढरी रेघ, चोचीवर चिखल. तो उलटा झाला की सुईसारखी शेपटी तेवढी पाण्यावर थरथरायची. मी दोनदा मोजले, दोन्ही वेळा ६३.

"आता हे तलावात धरा," सहकारी म्हणाले. नाही धरले. आकडा ज्या पाण्यावर पक्षी बसलाय त्याच पाण्याचा. तलावाच्या फॉर्मवर तलवार बदकापुढे शून्य लिहिलं आणि बोडीसाठी कोरा फॉर्म काढला.

"मामाजी, या बोडीचं नाव काय?"

"नाव कायचं? बोडीच थे."

काठावर मोहाचं झाड होतं. मी 'मोहाची बोडी' असं लिहिलं.