तुम्ही विचारलंत म्हणून: त्या अर्जावर मी सही का केली नाही

१९ जानेवारी २०२५ च्या रात्री दिल्लीत आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला आणि थोड्याच वेळात माझा फोन वाजला. आमच्या जुन्या संघातल्या एका मुलीची आई होती. मागे टीव्हीचा आवाज चालू होता. मला वाटलं, आनंद वाटून घ्यायला फोन केलाय. ती म्हणाली, "दीदी, बस एक बात बता दो. उस दिन साइन क्यों नहीं किया?" उस दिन म्हणजे २०२२ ची आमची खो-खोची फायनल, आणि सही म्हणजे पंचांच्या निर्णयाविरुद्धच्या अर्जावरची.

त्या रात्री मी तिला नेहमीचंच उत्तर दिलं, की पंचांचा निर्णय अंतिम असतो. इथे इंदूरच्या रामबागेत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना, तुम्हा पालकांपैकी ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी हेच सांगत आले. ते खोटं नाही, पण माझं कारण ते नव्हतं. आता लेकीला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव नको."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्टोबर २०२२, चौदा वर्षांखालच्या मुलींची संभागीय (विभागीय) फायनल, धारला. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. आम्ही एका गुणाने हरलो. संघाची मॅनेजर मी होते, आणि शेवटच्या क्षणी पाठलागावर होती ती माझीच मुलगी.

शेवटची पाळी, वीसेक सेकंद उरलेले. समोरच्यांच्या तुकडीतली एकच मुलगी मैदानात राहिली होती, पण काय पळत होती! आमच्या दोघींना तिने खांबापाशी हुलकावणी दिली होती. मधल्या चौकातून लेकीला खो मिळाला. लेक उठली, झेपावली, समोरच्यांची ती मुलगी पाटी ओलांडायला वळली, तेवढ्यात लेकीचा पंजा तिच्या पाठीवर पडला. आम्ही सगळ्यांनी उड्या मारल्या. माझा चष्मा खाली पडला. आणि तेव्हा ऐकू आलं की पंचांची शिट्टी तुटक तुटक वाजते आहे. म्हणजे फाऊल. गडी नाबाद, पाठलाग उलट्या दिशेने. लेक फिरली, दोन पावलं पळाली, आणि वेळ संपल्याची लांब शिट्टी झाली.

एका मुलीच्या बाबांनी हे सगळं खांबामागून मोबाइलवर घेतलं होतं. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. पाठीवर पडलेला पंजा त्यात स्वच्छ दिसतो. फाऊल दिसत नाही. खो मिळाल्यावर उठताना खांदे ज्या बाजूला वळतील ती तुमची दिशा, मग खांबापर्यंत जाऊनच परत फिरायचं, मध्येच नाही. हे खांदे वळणं बाजूने बघणाऱ्या पंचांना दिसतं, खांबामागच्या मोबाइलला दिसत नाही.

मुख्य पंच समजूतदार होते. म्हणाले, लेखी द्या, बघतो. अर्ध्या तासात अर्ज आणि पाचशे रुपये. पैसे दोन मिनिटांत गोळा झाले. कॅप्टनच्या बाबांनी वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. खाली मॅनेजरची सही तेवढी राहिली होती.

सही करण्याआधी मी लेकीकडे गेले. चौकशी करायला नाही, धीर द्यायला गेले होते. ती पाण्याच्या टाकीपाशी गुडघे धूत होती. मी म्हटलं, "बाळा, तू मारलंयस तिला, सगळ्यांनी बघितलंय. आपण अर्ज देतोय." ती वर न बघता म्हणाली, "आई, मी आधी डावीकडे वळले होते."

मी विचारलं, "किती?"

सामन्यापेक्षा मला माझा हा एक शब्द जास्त छळतो. तेरा वर्षांच्या पोरीने सरळ खरं सांगितलं, आणि तिची आई त्यात जागा शोधत होती. थोडीशीच वळली असेल, अर्धवट, पंचांना भास झाला असेल. ती म्हणाली, "पूर्ण. पंचांनी बरोबर बघितलं." आणि नळ बंद केला.

परत आले, पेन हातात घेतलं आणि सांगितलं की पंचांचा निर्णय अंतिम असतो, मी सही करणार नाही. पुढची पंधरा मिनिटं काय झालं ते तिथे असलेल्यांना माहीत आहे. कोणी म्हणालं, मला आयोजकांशी संबंध बिघडवायचे नाहीत. कोणी म्हणालं, स्वतःच्या मुलीचा गडी म्हणून उगाच संकोच करते आहे. एक आई नुसती रडत होती. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चटया गोळा करायला लागले. वेळ टळली. पाचशे रुपये ज्याचे त्याला परत दिले. अर्जाचं पान माझ्याकडेच राहिलं.

खरं कारण तिथल्या तिथे का नाही सांगितलं? कारण सांगितलं असतं तर परतीच्या साठ-पासष्ट किलोमीटरच्या रस्त्यावर गाडीतल्या अकरा मुली आणि त्यांचे आईबाप माझ्या लेकीकडे बघत बसले असते. मला ते नको होतं. प्रामाणिकपणा, खेळाडूवृत्ती हे शब्द मी नंतर घरी आल्यावर जुळवले. त्या मैदानावर मी आधी माझ्या मुलीला पाठीशी घातलं आणि बाकी अकरा जणींना त्याचं कारणही कळू दिलं नाही.

तुमचा दुसरा प्रश्न सराफ्याचा, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराचा. हरून आलेल्या पोरींना त्याच रात्री सराफ्यात खायला का नेलं? नऊ वाजून गेले होते, पोरी दुपारपासून उपाशी होत्या, गाडी राजवाड्याजवळ थांबली. मी सगळ्यांना भुट्ट्याचा कीस घेऊन दिला. यात मला आजही काही चूक दिसत नाही, आणि यावर मी कितीही वेळ भांडायला तयार आहे. हरल्यावर भूक लागते. शिक्षा म्हणून उपाशी झोपवायला त्यांनी काय केलं होतं?

पण तिथे जे झालं ते मी विसरू शकत नाही. आमच्या पहिल्या तुकडीतली मुलगी, जिने त्या दिवशी दोन्ही डावांत सर्वांत जास्त वेळ संरक्षण केलं होतं, ती द्रोण हातात घेऊन लेकीशी बोलत उभी होती. हसत होती. तिचे बाबा स्कूटरवरून तिला घ्यायला आले होते. त्यांनी तिच्या हातातला द्रोण काढून घेतला, दुकानाच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाले, "हरल्यावर हसतात?" मग माझ्याकडे वळले. चार महिन्यांपूर्वीच, जून २०२२ मध्ये, मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला होता, आणि इंदूरमध्ये सगळ्यांच्या तोंडी संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते. त्या बाबांनी तोच दाखला दिला. पंडित कर्णधार असताना १९९९ मध्ये बेंगळुरूला फायनल हरले, आणि २३ वर्षांनी त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून जिंकून रडले. "त्यांनी तेवीस वर्षं हार पोटात ठेवली, म्हणून जिंकले. तुम्ही चार तासांत पोरींना विसरायला शिकवताय."

मला उत्तर सुचलं नाही. मुलगी स्कूटरवर मागे बसली. चौकाच्या वळणावर तिने एकदा मागे पाहिलं. त्यानंतर ती सरावाला आली नाही. पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले, तर बाबा म्हणाले, राज्याचं सर्टिफिकेट मिळालं असतं तर खेळू दिलं असतं, आता अभ्यास करू दे. जानेवारीतल्या त्या रात्री फोन आला तो तिच्याच आईचा.

घरी सासऱ्यांनी माझी बाजू घेतली. ते इंदूरच्या जुन्या होळकर क्रिकेट संघाच्या गोष्टींवर वाढलेले. मार्च १९४७ मध्ये रणजीच्या फायनलला बडोद्याने होळकर संघाला एक डाव आणि ४०९ धावांनी चिरडलं. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, दोघांची भागी ५७७. "आणि पुढच्याच हंगामात करंडक इंदूरला आला," ते म्हणाले, "एवढी मोठी हार पचवली ना आपल्या माणसांनी?" मला तेव्हा बरं वाटलं होतं. पुढे विचार केला तेव्हा वाटेनासं झालं. होळकर संघाला पुढचा हंगाम होता. चौदा वर्षांखालच्या मुलींना कुठला? आमच्या बारापैकी सात जणी पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हत्या. पंडितांचा दाखला त्यांना लागू पडत नव्हता आणि होळकरांचाही. त्यांच्याकडे फक्त ती एक दुपार होती.

म्हणून तुम्ही रागावता तेव्हा मला राग येत नाही. राग येतो तो "तुम्ही राज्याचं तिकीट फाडलंत" या वाक्याचा. तो गडी बाद धरला असता तरी फक्त बरोबरी झाली असती. मग जादा डाव. जिंकलो असतो असं कोणी लिहून दिलं होतं? हा मुद्दा मी प्रत्येकाला सांगितलाय आणि पुन्हा सांगेन.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते. १९९६ मध्ये चिमणबागेच्या मैदानावर आमचा शाळेचा सामना होता. मी शेवटच्या तुकडीत पळत होते. पाठीला बोटं लागलेली मला स्पष्ट कळली. पंच त्या वेळी दुसरीकडे बघत होते. मी पळतच राहिले. आम्ही जिंकलो, आणि तो बिल्ला अजून कपाटात आहे. तेव्हा माझं म्हणणं सरळ होतं, की बघणं पंचांचं काम, पळणं माझं. आजही ती सोळा वर्षांची मुलगी समोर येऊन असं म्हणाली, तर मी तिला खोटी म्हणू शकत नाही. उलट ती मला विचारेल, "मग टाकीपाशी लेकीने सांगितलं ते पंचांनी बघितलेलंच होतं. अर्जावर निर्णय त्यांनीच दिला असता. तू मध्ये का पडलीस?" मी म्हणेन, फाऊल झाला हे माहीत असताना तो झाला नाही असं लिहिलेल्या कागदाखाली सही कशी करू? ती म्हणेल, पळत राहणं आणि सही करणं यात एवढा काय फरक? मला वाटतं, फरक आहे. ती पटवून घेणार नाही, आणि रात्री कधी कधी मलाही पटत नाही.

नवरा वेगळंच म्हणतो, आणि तेच सगळ्यात लागतं. त्याच्या मते सही न करणं बरोबर होतं, चूक त्याच्या आधी झाली. "ती तुझ्याशी आई म्हणून बोलली. तू ते मॅनेजर म्हणून वापरलंस. एकदा तिला विचारायचंस तरी, की सांगू का सगळ्यांना? कदाचित ती स्वतःच उभी राहून म्हणाली असती." मी म्हटलं, तेरा वर्षांच्या पोरीवर एवढा भार टाकायचा? तो म्हणाला, भार तर तिने तीन वर्षं उचललाच, तोही एकटीने. या बाबतीत आमचं आजवर एकमत झालेलं नाही. पण त्या दिवसानंतर लेक सामन्यातलं मला काही सांगत नाही, हे आम्हा दोघांनाही दिसतं. जिंकली तर जिंकली म्हणते, हरली तर हरली.

गेल्या आठवड्यात हे लिहायला बसले तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली. आता अकरावीत आहे, माझ्यापेक्षा उंच झाली आहे. तिने जुन्या अर्जाचं ते पान उचललं, खालची रिकामी जागा पाहिली आणि विचारलं, "मी टाकीपाशी काही बोलले नसते तर?"

"सही केली असती."

"लगेच?"

"लगेच."

तिने पान जसं होतं तसं घडी घालून ठेवलं. "जादा डाव आपण जिंकलो असतो, आई," ती म्हणाली. "त्यांची ती मुलगी पार दमली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला ना, तेव्हा तिचा श्वास मला हाताला लागत होता." मग दप्तर उचलून क्लासला निघून गेली.