‘व्हाइट झोंबी’चा तक्ता पूर्ण: कोणाला काय ठाऊक?

मंडळी, जुने झोंबीपट प्रसंगवार उतरवून काढायच्या उद्योगात १९३२चा ‘व्हाइट झोंबी’ हातावेगळा झाला. या वेळी वहीत एक जास्तीचा रकाना आखला: ‘या घटकेला कोणाला काय ठाऊक?’ दिग्दर्शक व्हिक्टर हॅल्पेरिनची सगळी मांडणी त्यातच उलगडली.

पहिल्याच प्रसंगात हैतीतल्या एका रस्त्याच्या मधोमध प्रेत पुरलं जातंय. वर्दळीच्या जागी कोणी ते चोरणार नाही, हे गाडीवान सांगतो. टेकडी उतरणारी माणसं दिसताच घोडे पिटाळतो. लग्नाला आलेलं जोडपं, नील आणि मॅडलिन, हे ऐकून सोडून देतं. आपल्याला मात्र नियम कळलेला असतो: इथे प्रेतं चोरून त्यांना झोंबी करून राबवतात. त्याच गडबडीत झोंबींचा मालक असलेला जादूगार लजाँद्र (नट बेला लुगोसी) मॅडलिनचा स्कार्फ ओढून घेतो. तो स्कार्फ पुढे मेणाच्या बाहुलीला गुंडाळलेला दिसतो.

लजाँद्रच्या साखरेच्या गिरणीचा प्रसंग मी आवाज बंद करून पाहिला, मग नुसता ऐकला. ऐकताना जास्त भेदरलो. संगीत नाही, फक्त लाकडाची करकर. एक मजूर यंत्रात पडतो आणि बाकीचे टोपल्या घेऊन चालतच राहतात. हे झोंबी चावत नाहीत, त्यांची लागण होत नाही. त्यांना मालक आहे. तेव्हा हैती अमेरिकी फौजांच्या ताब्यात होतं (१९१५ ते १९३४), हे लक्षात ठेवून हा प्रसंग पाहावा. १९६८मध्ये दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये मालक काढला आणि भूक आणली.

याच गिरणीत बोमाँ, म्हणजे मॅडलिनला मिळवण्यासाठी लजाँद्रकडे गिऱ्हाईक म्हणून आलेला जमीनदार, लजाँद्रचा पुढे केलेला हात झिडकारतो. त्याला मॅडलिन हवी आहे, हस्तांदोलन नको. नंतर तोच लजाँद्रने दिलेल्या विषाने हळूहळू बधिर होत लजाँद्रचा हात चाचपडतो, आणि लजाँद्र त्याला जुन्या नकाराची आठवण देतो. माझ्या मते चित्रपटातला सर्वांत भयंकर क्षण हाच. आपलं काय होतंय हे बोमाँला पुरतं कळतं, पण जीभ चालत नाही. गिऱ्हाईकाचा मजूर होताना आपण बघतो.

आता १९४३चा ‘आय वॉक्ड विथ अ झोंबी’ घेतोय. तिथे घराण्याचं गुपित कॅलिप्सो ही कॅरिबियन लोकगाणी गाणारा एक गायक भर रस्त्यात गाऊन टाकतो, तेव्हा रकान्यात पहिलं नाव त्याचंच पडेल.