केमिस्ट्री घेऊ का?

'केमिस्ट्री आवडते, पदवी त्यातच करू का?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी उलट विचारते: नेमकं काय आवडतं? फ्लास्कमध्ये नवं काहीतरी बनवणं, की समोर आलेल्यात काय काय आहे ते शोधणं? दोन्हींत दिवस अगदी वेगळे जातात.

मी दुसऱ्या गटातली. औषधांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, काम करते. मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून वाहणारा द्रव, बनवायचा, गाळायचा, त्यातली हवा काढायची, बफरचा पीएच जुळवायचा. सिस्टिम सुटेबिलिटी (यंत्र नीट चालतंय ना, याची चाचणी) पास झाली की मग नमुने. आलेखावरचा मुख्य पीक, म्हणजे शिखर, सगळ्यांनाच दिसतो; माझं लक्ष त्याच्या पायथ्याशी चिकटलेल्या बारक्या पीककडे. बऱ्याच औषधांत 0.1 टक्क्याच्या वर गेलेली अशुद्धी नेमकी कोणती, ते ओळखावंच लागतं. शिवाय केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद, त्याच वेळी. कंटाळवाणं वाटलं? मग हे क्षेत्र तुमचं नाही, आणि ते आत्ताच कळलेलं बरं.

पहिल्या गटातल्या, म्हणजे सिंथेसिसवाल्यांचा दिवस रिॲक्शन कुठवर आली ते बघायला टीएलसी प्लेट यूव्हीखाली धरण्यात आणि बनलेला पदार्थ वेगळा करायला सिलिकाचे कॉलम चालवण्यात जातो. विल्यम पर्किन या इंग्लिश विद्यार्थ्याला 1856 मध्ये, अठराव्या वर्षी, क्विनाइन हे मलेरियावरचं औषध बनवायचा प्रयत्न करताना जांभळा रंग सापडला. गोष्ट छान आहे, पण तिच्या भरवशावर संशोधनात येऊ नका. प्रोसेस केमिस्ट्री, म्हणजे प्रयोगशाळेतली रिॲक्शन कारखान्यात मोठ्या प्रमाणावर चालवणं, मात्र कुणी सुचवत नाही, आणि मला तीच सगळ्यात रंजक वाटते. फ्लास्कमधून सहज निघून जाणारी उष्णता मोठ्या रिॲक्टरमध्ये अडकते, कारण आकारमान वाढतं त्या मानाने पृष्ठभाग वाढत नाही. वहीत साधी दिसणारी रिॲक्शन तिथे धोकादायक होऊ शकते.

पीएचडी? प्रश्नही स्वतः निवडायचा असेल तर करा. नुसतं पुढचं पाऊल म्हणून नको. मास्टर्सच्या प्रोजेक्टमध्ये रिॲक्शन पुन्हा पुन्हा फसल्यावर तुम्ही चिडता की कुतूहलाने खोदत बसता, यावरून बराच अंदाज येतो.

गणित सोडू नका, हे मात्र मी हट्टाने सांगते. लिथियम-आयन बॅटरीसाठी 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या गुडइनफ यांची पदवी गणितातली आणि पीएचडी भौतिकशास्त्रातली. 2024 चं प्रथिनांची रचना संगणकाने ओळखणाऱ्या आणि घडवणाऱ्यांना गेलं. थोडं पायथॉन, म्हणजे प्रोग्रामिंगची भाषा, शिकून ठेवा.

कॉलेज निवडताना माहितीपत्रकातल्या उपकरणांच्या यादीवर जाऊ नका. मशीन वापरायला आहे की पाहुण्यांना दाखवायला, ते त्यात लिहीत नाहीत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा: एचपीएलसीची बेसलाइन (आलेखाची तळरेषा) हलायला लागली तर आधी काय बघता? पंपात हवा, डिटेक्टरचा दिवा जुना झालाय, असं काही पटकन ऐकू आलं, तर तिथे मुलांना हात लावू देतात.