'डिस्कस'च्या पोटातली चर्चा

परवा भाचीच्या वहीत एक वाक्य दिसलं: 'वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन.' 'अबाउट'वर लाल फुली होती, पण ती का, हे कुठेच लिहिलं नव्हतं. "मावशी, योजनेबद्दल चर्चा केली ना? मग 'बद्दल' कुठे गेलं?" प्रश्न अगदी रास्त होता. मीही कितीतरी वर्षं ऑफिसच्या मेलमध्ये हेच लिहीत आले, आणि मलाही कुणी कारण सांगितलं नव्हतं.

आम्ही मराठी वाक्य उलगडून पाहिलं. 'आम्ही योजनेवर चर्चा केली.' काय केली? चर्चा. म्हणजे कर्माची जागा चर्चेनेच घेतली, म्हणून योजनेला 'वर' किंवा 'बद्दल'चा आधार लागला. इंग्रजीत चर्चा आणि करणं, दोन्ही 'डिस्कस'च्या पोटात आहेत. कर्माची जागा मोकळीच, तिथे योजना थेट येऊन बसते. 'मॅरी'चंही तसंच. आपण कुणाशी तरी लग्न करतो, म्हणून हात 'मॅरी विथ' लिहायला जातो. उलटंही होतं: 'ऐकणं' सकर्मक, म्हणजे थेट कर्म घेणारं, पण 'लिसन'ला 'टू' लागतंच.

सकर्मक-अकर्मक म्हटलं की मुलं व्याख्या घोकतात. खरं तर आपल्या कानाला हा भेद रोज कळतो. 'ती झोपली', पण 'तिने पत्र वाचलं'. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की बहुतेक वेळा कर्त्याला 'ने' लागतो. (बहुतेक वेळा, कारण 'ती नाव विसरली' हेही आहेच.)

मला सगळ्यात आवडतात त्या जोड्या. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे: आतला स्वर बदलला की आपोआप होणारी गोष्ट कुणीतरी केलेली होते. इंग्रजीतही राइज-रेझ, सिट-सेट, फॉल-फेल आहेत. 'फेल अ ट्री' म्हणजे झाड पाडणं. घोळ होतो तो 'लाय' (आडवं होणं) आणि 'ले'चा (ठेवणं), कारण 'लाय'चा भूतकाळही 'ले'च. 'शी ले डाउन' म्हणजे ती आडवी झाली. 'शी लेड द बुक डाउन' म्हणजे तिने पुस्तक खाली ठेवलं. इथेही 'ने' बघा कसा बरोबर जागी आला.

पुढच्या पानावर भाचीनेच लिहिलं होतं, 'द अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड.' मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "थांब. अपघात घडला. इथे कर्मच नाही, मग कर्मणी, म्हणजे पॅसिव्ह, कुठून होणार?" आणि तिने 'वॉज' खोडला.