आमची वाटचाल: गीअर आम्ही कापले, कंपनी मॅडमनी वाचवली

बाजारात एकदा आमच्याबद्दल ‘ते बुडाले’ अशी आवई उठली होती. ती कोणी उठवली हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. नाव मी घेणार नाही.

त्याआधीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. गीअरचे दाते कापणारं हॉबिंग मशीन चाललं, गीअर गेले, पैसे आले. आवई उठली त्या वर्षीही ऑर्डरबुक भरलेलं होतं, नफा-तोटा पत्रक चांगलं होतं, फक्त खात्यात पगारापुरते पैसे नव्हते. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने 60 दिवसांची उधारी परस्पर 110 दिवसांवर नेली होती. नेमक्या त्याच वेळी आमच्या स्पर्धकाने फोर्जिंगवाल्यांचे, म्हणजे गीअरसाठी ठोकून घडवलेला कच्चा माल पुरवणाऱ्यांचे, कान भरले आणि ते ॲडव्हान्सशिवाय माल द्यायला तयार होईनात.

आमच्या वित्तप्रमुख मॅडम तेव्हा नव्याच होत्या. एवढ्याशा कंपनीला सीएफओ कशाला, हिशेबनीस आहे, ऑडिटर येतो, असं भाऊबंदांनी ऐकवून झालं होतं. अहो, हिशेबनीस झालेलं लिहितो, ऑडिटर झालेलं तपासतो. पुढच्या महिन्याचं कोण बघणार?

मॅडमनी 13 आठवड्यांचा रोखीचा तक्ता मांडला. वर आठवडे, खाली येणी आणि देणी. येणं बिलावरच्या मुदतीला धरायचं नाही, ते गिऱ्हाईक आजवर खरोखर ज्या दिवशी पैसे देत आलंय त्या दिवसाला धरायचं. एवढ्या एका नियमाने माझा अर्धा ‘नफा’ पुढच्या तिमाहीत सरकला. सातव्या आठवड्यात तूट दिसत होती. बँकेने विचारण्याआधीच मॅडम तोच तक्ता घेऊन बँकेत गेल्या, कर्जाची मर्यादा तात्पुरती वाढवून आणली. मग फोर्जिंगवाल्यांना बोलावून त्यांचे पैसे कोणत्या आठवड्यात सुटणार ते त्यांच्यापुढे ठेवलं. दोघे तयार झाले, एक गेला. गेलेला आता स्पर्धकाला माल देतो, देऊ दे.

दुसरं काम मला जास्त झोंबलं. आमच्याकडे सगळं अडतं ते प्रोफाइल ग्राइंडरवर, म्हणजे गीअरचे दाते घासून अचूक करणाऱ्या मशीनवर. मॅडमनी प्रत्येक ऑर्डरच्या विक्रीतून माल, हीट ट्रीटमेंट, टूलिंग असा थेट खर्च वजा केला आणि उरलेल्याला ग्राइंडरच्या तासांनी भागलं. ज्या मोठ्या गिऱ्हाइकासाठी आम्ही रात्रपाळ्या केल्या, ते यादीत तळाला! वर कोण, तर छपाई यंत्रांचे सुटे भाग घेणारे आमचे जुने काका. लॉट बारके, ड्रॉइंग पिवळं पडलेलं, पण पैसे तारखेला. त्या सातव्या आठवड्यात न मागता त्यांनी पुढच्या दोन लॉटचे पैसे आधी पाठवले. सेल्सवाले त्यांना किरकोळ म्हणायचे. आता म्हणत नाहीत.

मोठ्या ऑर्डरचा दर आणखी पाडायची वेळ आली तेव्हा मॅडमनी सही केली नाही. ऑर्डर स्पर्धकाकडे गेली आणि त्यांनी पेढे वाटावेत तशी ती बातमी वाटली. त्या उधारीवर ते कसे तगले ते त्यांचं त्यांना माहीत.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. पैसे सोडणारा आणि बँकेचं खातं जुळवणारा माणूस एकच ठेवू नका, मग तो सख्खा मेहुणा का असेना. पुरवठादार 30 दिवसांऐवजी 10 दिवसांत पैसे दिल्यास 2 टक्के सूट देत असेल तर ती क्षुल्लक समजू नका. सोडलीत तर वर्षाच्या हिशेबाने ते सुमारे 37 टक्क्यांनी कर्ज घेतल्यासारखं पडतं. आणि वित्तप्रमुखाला ‘नाही’ म्हणायचा अधिकार द्यायचा नसेल तर नेमूच नका, पगार वाचेल.

मध्यंतरी स्पर्धकाने मॅडमनाच नोकरी देऊ केली. मॅडमनी ते पत्र मला दाखवलं, फाइलला लावलं, आणि त्याच बैठकीत दुसऱ्या ग्राइंडरचा माझा प्रस्ताव एक तिमाही पुढे ढकलला.